बर्फातला मेकॅनिक

मुंबईहून आलेल्या मुलांना बॉम्बार्डियर म्हटलं की पहिल्यांदा आठवते ती लोकल. २०१५ पासून धावायला लागलेली, पांढरी-जांभळी, जरा जास्त हवा येणारी. विमानांची आवड असलेल्यांना त्याच नावाची छोटी जेट विमानं आठवतील. पण बॉम्बार्डियर हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि त्या माणसाने आयुष्यात ना ट्रेन बनवली ना विमान! त्याने बनवली बर्फावर चालणारी गाडी. ज्या गावात हिवाळ्यात रस्ताच उरत नाही, त्या गावातला हा एक गॅरेजवाला.

त्याचं पूर्ण नाव जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियर. (फ्रेंच लोक बॉम्बार्दिए म्हणतात, पण आपण लोकलवाला उच्चारच ठेवू.) माझं मराठी कॉन्व्हेंटवालं आहे, त्यामुळे चुकलंमाकलं तर मॅगझिनच्या संपादकांनी सांभाळून घेतलं असेल असं धरून चालते. पण या माणसावर लिहायचं असं मी आमच्या बाहा टीममध्ये आल्यापासून ठरवलं होतं. फर्स्ट इयरच्या मुलांसाठी सांगते, बाहा म्हणजे बाहा एसएईइंडिया. २००७ पासून ही स्पर्धा होते. मुलं स्वतः डिझाइन करून एका माणसाची एटीव्ही बनवतात आणि ती दगडधोंडे, चिखल, चढउतार यांतून पळवतात. एटीव्ही म्हणजे रस्ता सोडून कुठेही जाणारी गाडी. दुकानात विकत मिळणारी तीन चाकांची एटीव्ही होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत आणली. पण एका माणसाने हलक्या गाडीवर बसून रस्ता नसलेल्या जागी जायचं, ही कल्पना त्याआधी अकरा वर्षं बॉम्बार्डियरने बाजारात आणून दाखवली होती. तेव्हा तो आपल्या एटीव्हीचा सख्खा नसला तरी चुलत आजोबा तरी लागतोच.

आर्मांचा जन्म १६ एप्रिल १९०७ चा, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, व्हालकूर या गावाजवळचा. आठ भावंडांत हा थोरला. घर शेतकऱ्याचं. पुढे वडिलांनी गावात दुकान टाकलं. पोराला लहानपणापासून यंत्रांचं वेड. सिगारच्या खोक्यांपासून आगगाड्या बनवायचा आणि त्यात जुन्या घड्याळांची यंत्रं बसवायचा. एकदा त्याने छोटं स्टीम इंजिन बनवून ते मावशी-आत्यांपैकी कुणाच्या तरी चरख्याला जोडून दिलं, असं सांगतात. आपल्याकडे अशा मुलाला घरचे लोक काय म्हणाले असते ते सांगायला नको. त्याच्या घरच्यांचं मत होतं की मुलाने पाद्री व्हावं. म्हणून त्याला शेरब्रुक शहरातल्या धार्मिक विद्यालयात पाठवलं. मी दहा वर्षं सिस्टर लोकांच्या शाळेत काढली आहेत, त्यामुळे मला इथे त्याची फार दया येते. सकाळची प्रार्थना चालू आहे आणि डोक्यात गिअर फिरतायत, हे मला बरोब्बर समजू शकतं.

पोराचा हात शांत राहावा म्हणून वडिलांनी त्याला फोर्ड मॉडेल टीचं एक भंगारात गेलेलं इंजिन आणून दिलं. वडिलांचा हा हिशोब साफ चुकला! ३१ डिसेंबर १९२२ ला, नाताळच्या सुट्टीत घरी आलेल्या पंधरा वर्षांच्या आर्मांने आणि त्याचा धाकटा भाऊ लेओपोल्ड याने दोन घसरगाड्या एकामागे एक जोडून, त्यावर ते इंजिन बसवून, मागे विमानासारखा लाकडी पंखा लावून एक गाडी गावातून पळवली. पुढे भाऊ दिशा देतोय, मागे आर्मां इंजिन सांभाळतोय, आणि तो पंखा पूर्ण उघडा, कसलीही जाळी नाही. गाव बघायला रस्त्यावर आलं. वडीलही आले. त्यांनी ते फिरतं पातं पाहिलं, आजूबाजूला उभी असलेली पोरंसोरं पाहिली, आणि गाडी ताबडतोब मोडायला लावली.

बहुतेक ठिकाणी हा प्रसंग असा लिहितात की बघा, एका जीनियसला बापाने कसं अडवलं. मला तसं वाटत नाही. वर्कशॉपमध्ये लेथचं गार्ड उघडं ठेवून कुणी काम केलं तर आपले वर्कशॉपचे सर काय करतात? त्या बापाने तेच केलं. गाडी चालते की नाही, हा आर्मांचा प्रश्न होता. ती चालते तेव्हा बाजूला कोण उभं आहे, हा वडिलांचा प्रश्न होता. या दुसऱ्या प्रश्नाने बॉम्बार्डियरच्या गाड्यांचा पाठलाग तो गेल्यावरही सोडला नाही. त्याबद्दल पुढे येतेच.

सतराव्या वर्षी त्याने घरच्यांना कसंबसं पटवलं आणि पाद्री होणं सोडून दिलं. आधी जवळच्या गावात एका गॅरेजवर उमेदवारी केली, मग माँट्रियलला. दिवसा गॅरेज, संध्याकाळी मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिकलचे क्लास. टेक्निकल मासिकं इंग्रजीत, याची भाषा फ्रेंच, तर ती मासिकं वाचता वाचता इंग्रजीही शिकला. (मराठी मीडियममधून येऊन फर्स्ट इयरला थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचणारे माझे दोन मित्र आहेत, त्यांनी हे वाक्य परत वाचावं.) डिग्री त्याने घेतली नाही. १९२६ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, तो गावी परतला आणि वडिलांच्या मदतीने स्वतःचं गॅरेज काढलं. पैसे उसने होते, ते त्याने फेडले. गॅरेजला वीज हवी होती तर जवळच्या ओढ्याला बांध घालून टर्बाइन बसवलं. १९२९ मध्ये इव्होन लाब्रेक हिच्याशी त्याचं लग्न झालं.

आता क्वेबेकचा हिवाळा म्हणजे काय ते आपल्याला डोळ्यांसमोर आणायला जरा जड जातं. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात जसं साकव वाहून गेला की पलीकडची वाडी तुटते, तसं तिथे नोव्हेंबर-डिसेंबरपासून सगळीच गावं तुटायची. त्या काळी खेड्यांतल्या रस्त्यांवरचा बर्फ कुणी काढत नसे. मोटारी ठोकळ्यांवर चढवून वसंत ऋतूपर्यंत बंद ठेवायच्या आणि घोड्याच्या घसरगाडीने जायचं. गॅरेजवाल्याला हिवाळ्यात कामच नाही. म्हणून आर्मां दर हिवाळ्यात बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग करायचा. एक गाडी बनवायची, फसली की मोडायची, पुढच्या वर्षी दुसरी. असं जवळपास दहा वर्षं.

१९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला, इव्होंला, अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. ऑपरेशन लगेच करायला हवं होतं. हॉस्पिटल शेरब्रुकला, साधारण पन्नास किलोमीटरवर. बाहेर बर्फ. ज्याच्या गॅरेजमध्ये इतकी वर्षं बर्फगाड्यांचे प्रयोग चालले होते त्याच्याकडे त्या दिवशी चालू स्थितीतली एकही गाडी नव्हती. मुलगा गेला.

यावर मी जास्त लिहीत नाही.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्याने तो प्रश्न सोडवला. प्रश्न काय होता ते आधी सांगते, कारण इथे आपलं इंजिनिअरिंग येतं. बर्फात गाडी रुतते कारण चाक जमिनीला फार कमी जागेत टेकतं. सगळं वजन त्या चार तळहाताएवढ्या जागांवर येतं. दाब म्हणजे वजन भागिले क्षेत्रफळ, हे आपण आठवीपासून लिहीत आलोय. तर क्षेत्रफळ वाढवा. पुढे चाकांऐवजी स्की, मागे चाकांऐवजी रणगाड्यासारखा लांब पट्टा. इथवर बऱ्याच जणांनी विचार केला होता. अडचण पुढची होती. लोखंडी पट्टा जड होतो, आणि त्याच्या सांध्यांत, दात्यांत ओला बर्फ जाऊन बसतो आणि गोठून दगड होतो. मग पट्टा एकतर अडकतो, नाहीतर निसटतो. आर्मांने पट्टा केला रबर आणि कापडाचा, त्याला लोखंडाच्या आडव्या पट्ट्या. आणि तो फिरवणारं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, त्यालाही रबराने मढवलं. रबर वाकतं, त्यामुळे बर्फ धरून राहत नाही. ऐकायला इतकं साधं! पण याच साध्या गोष्टीवर त्याला १९३७ मध्ये पेटंट मिळालं. पुढे चाळीसहून जास्त पेटंट त्याच्या नावावर जमा झाली, तरी त्याच्या मागची सगळी कंपनी या एका स्प्रॉकेटवर उभी राहिली असं म्हणायला हरकत नाही.

या पट्ट्यावर त्याने सात जणांची बी७ ही गाडी काढली आणि पुढे १९४० च्या दशकात बारा जणांची बी१२. खिडक्या गोल, बोटीसारख्या. फोटो नक्की बघा, एकदम कार्टूनमधली गाडी वाटते. ती घेणारे लोक कोण? पहिले म्हणजे खेड्यातले डॉक्टर. मग पोस्ट, पाद्री, अँब्युलन्स, शाळेत मुलं नेणारे, लाकूडतोडीच्या कॅम्पवाले. दुसऱ्या महायुद्धात सामानावर नियंत्रण आलं तेव्हा तर गाडी घ्यायची असेल तर ती आपल्या कामासाठी आवश्यक आहे हे गिऱ्हाइकाला सिद्ध करावं लागे. १९४२ मध्ये त्याने रीतसर कंपनी स्थापन केली. सैन्यासाठीही गाड्या बनवल्या.

१९४८ मध्ये क्वेबेक सरकारने ठरवलं की खेड्यांतले रस्तेही हिवाळ्यात साफ ठेवायचे. गावांसाठी आनंदाची बातमी, बॉम्बार्डियरसाठी धंदा बसायची! विक्री धाडकन खाली आली. इथे मला तो माणूस सगळ्यात जास्त आवडतो. रस्ते झाले तर झाले, पण जिथे रस्ते कधीच होणार नाहीत अशा जागा कुठल्या, असा विचार त्याने केला. जंगलं, दलदल, खाणी, तेलाचे सर्व्हे. १९५३ मध्ये आला मस्केग ट्रॅक्टर. मस्केग म्हणजे उत्तरेकडची पाणथळ, शेवाळी जमीन, ज्यात बैल उतरला तर बाहेर यायचा नाही अशी. त्या जमिनीवर हा ट्रॅक्टर चालायचा. त्याची पुढची पिढी अजून जगभर चालते.

आणि मग १९५९. त्याच्या मनात पूर्वीपासून एक छोटी गाडी होती, एकदोन माणसांची. तेव्हा दोन गोष्टी नव्हत्या : हलकं इंजिन आणि सलग, सांधा नसलेला रबरी पट्टा. पन्नासच्या दशकात हलकी इंजिनं मिळायला लागली, आणि पट्टा त्याने मोठा मुलगा जेर्मेन याच्या मदतीने घरच्या कारखान्यातच जमवला. पुढे दोन स्की, मागे एक रुंद पट्टा, वर बाकासारखी सीट, साधारण सात एचपीचं इंजिन. आपल्या बाहा बग्गीला दहा एचपीच्या आसपास मिळतात आणि तरी आपण कुरकुर करतो! चाचणीसाठी ही गाडी तो ओंटारियो प्रांताच्या उत्तरेला, आदिवासी वस्तीत काम करणाऱ्या एका मिशनरी मित्राकडे घेऊन गेला. तिथे कुत्र्यांच्या घसरगाडीने फिरावं लागे. हे यंत्र कुत्र्यांची जागा घेणार म्हणून नाव ठरलं होतं स्की-डॉग, आणि शेवटच्या अक्षराच्या घोटाळ्यात ते झालं स्की-डू, अशी गोष्ट सांगतात. नाव तेच राहिलं.

आर्मांला वाटत होतं की ही गाडी फासेपारधी, सर्व्हेवाले, मिशनरी, दूरचे डॉक्टर घेतील. घेतली खरी त्यांनी. पण त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त ती घेतली रविवारी मजा करायला निघालेल्या लोकांनी. पहिल्या मोसमात दोनशेच्या आसपास खपलेली गाडी पाच वर्षांत हजारांवर गेली. तो मात्र सावधच होता. १९४८ चा फटका विसरला नव्हता, त्यामुळे सगळा कारखाना या खेळण्याच्या मागे लावायला तयार नव्हता. १८ फेब्रुवारी १९६४ ला तो कॅन्सरने गेला. वय फक्त छप्पन्न.

माणसाचं चरित्र इथे संपायला हवं, पण यंत्राचं चरित्र इथूनच खरं सुरू होतं आणि बाहावाल्यांनी वाचायचा भाग हाच आहे. सत्तरीच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत वर्षाला जवळपास पाच लाख स्नोमोबाइल खपत होत्या आणि त्या बनवणाऱ्या कंपन्या शंभरावर होत्या. डॉक्टर जेव्हा बी१२ घेऊन शेतातून जायचा तेव्हा त्या शेताचा मालक तक्रार करत नव्हता. कारण डॉक्टर बहुधा त्याच्याच घरी निघालेला असायचा. पण शहरातून आलेली चार अनोळखी पोरं त्याच शेतातून, रात्री, मोठ्याने इंजिन वाजवत गेली तर? आपल्याकडे असं झालं तर काय होईल ते सांगायला नको. सातबारा माझ्या नावावर आणि गाडी तुमची!

बर्फ पडला की कुंपण, बांध, पीक काहीच दिसत नाही. सगळं पांढरं, सपाट, कुणाचंच नसल्यासारखं. पण खाली सगळं असतं. कुंपणाची तार असते, जी मालकाला तर महागात पडतेच, पण अंधारात चालवणाऱ्याच्या गळ्याशी येते. लावलेली रोपं असतात. त्यांचे शेंडे बर्फातून जेमतेम वर आलेले असतात आणि स्कीखाली ते खुडले जातात. गुरांसाठी पेरलेला लसूणघास बर्फाखाली झोपलेला असतो. भुसभुशीत बर्फात हवा असते म्हणून तो गोधडीसारखा काम करतो. तोच बर्फ गाडीने दाबून घट्ट केला की गोधडीची चादर होते, थंडी खाली उतरते आणि मुळं मरतात. म्हणजे बघा, आर्मांने इतक्या हुशारीने दाब कमी केला, गाडी रुतायची थांबली, तरी तिच्या खालचं पीक वाचेलच असं नाही. आपल्या डिझाइन रिपोर्टमध्ये ग्राउंड प्रेशर लिहायला एक रकाना असतो. खाली काय पेरलंय, याला रकाना नसतो.

आणि क्वेबेकमध्ये मेपलच्या बागा असतात. झाडांच्या खोडांतून गोड रस काढायला झाडाझाडांमधून प्लास्टिकच्या नळ्या ताणलेल्या असतात. त्यात गाडी घुसली तर मालकाचा मोसम गेला.

चाकांच्या एटीव्हीचा त्रास आणखी वेगळा. ओल्या जमिनीत चाक जागेवर फिरवलं की दोन चऱ्या पडतात. पुढच्या पावसात पाणी त्याच चऱ्यांतून धावतं आणि माती घेऊन जातं. बॉम्बार्डियर कंपनीनेही १९९८ मध्ये चार चाकांची एटीव्ही काढली, तेव्हा हा चुलत नातेसंबंधही सख्खा झाला. मधल्या काळात कंपनी बरीच बदलली होती. १९७४ मध्ये तिला माँट्रियल मेट्रोच्या ४२३ डब्यांचं काम मिळालं, तिथून ट्रेन सुरू झाल्या, १९८६ पासून विमानं. २००३ मध्ये खेळाच्या गाड्यांचा विभाग वेगळा झाला आणि २०२१ मध्ये ट्रेनचा धंदा आल्स्टॉमकडे गेला. म्हणजे लोकलवाल्या नात्याचीही आता फक्त आठवण उरली आहे.

तर जमीनमालकांचं पुढे काय झालं? भांडणं झाली, फाटकं बंद झाली, पाट्या लागल्या. अमेरिकेत १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी हुकूम काढला की सरकारी जमिनीवर अशा गाड्या कुठे चालतील आणि कुठे नाही हे आखून द्यायचं. पण तिकडच्या ईशान्य भागात जमीन बहुतेक खाजगीच. तिथे चालवणाऱ्यांच्याच लक्षात आलं की मालकाने नाही म्हटलं की आपली गाडी गॅरेजमध्ये. व्हरमाँट राज्यात १९६७ मध्ये स्नोमोबाइलवाल्यांनी आपली संघटना बांधली. तिच्या वाटांचा साधारण ऐंशी टक्के भाग आज खाजगी जमिनीवरून जातो, तोही मालकाच्या परवानगीने. क्वेबेकमध्येही तीच पद्धत. क्लबचे लोक शेतकऱ्यांकडे जातात, कुठून वाट जाईल ते ठरवतात, खुणेच्या काठ्या लावतात, मोसम संपला की काढून नेतात. वाटेबाहेर चाक गेलं नाही पाहिजे. मालकाने एक वर्ष नाही म्हटलं तर वाट तिथे वळसा घेते. वाद घालायचा नाही, कारण जमीन त्याची आहे.

यातही सगळं गोडगोड आहे असं मला दाखवायचं नाही. क्वेबेकमध्येच एका जुन्या रेल्वेलाइनच्या जागेवर स्नोमोबाइलची वाट होती. तिच्या कडेला राहणारे लोक आवाजाला आणि धुराला कंटाळून कोर्टात गेले आणि २००४ मध्ये जिंकले. त्या पट्ट्यात गाड्या बंद झाल्या. त्यावर सरकारने काय करावं? लवकरच कायदा बदलून असे दावे करायलाच बराच काळ मज्जाव केला. पर्यटनाचा पैसा मोठा असतो हे मला समजतं, पण हे काही मला पटलं नाही. १९२२ मध्ये आर्मांच्या वडिलांनी रस्त्यावरच्या लोकांकडे बघून गाडी मोडायला लावली होती. इथे गाडीकडे बघून लोकांना गप्प बसवलं.

व्हालकूरमध्ये आज त्याच्या नावाचं म्युझियम आहे, १९७१ पासून. त्याचं ते पहिलं गॅरेज तिथे जपून ठेवलंय. कधी कॅनडाला एमएस करायला गेलात तर जाऊन या.

आता आपल्याकडचं. कॉलेजच्या मागच्या बाजूला जी शेती आहे तिथे पूर्वीच्या एका टीमने टेस्टिंग करताना बांध फोडला होता आणि ठिबकच्या नळ्यांवरून बग्गी नेली होती. नुकसान भरून द्यायला कुणी गेलं नाही. तेव्हापासून तिथल्या काकांनी फाटकाला कुलूप लावलं आणि टीम पार्किंगमध्ये आठ आकडे काढत बसायला लागली. पार्किंगमध्ये सस्पेन्शन काय कप्पाळ कळणार? यंदा आम्ही पाच जण काकांच्या घरी गेलो. काकूंनी चहा दिला. काका आधी अर्धा तास फक्त त्या जुन्या नळ्यांबद्दल बोलले, ते आम्ही ऐकून घेतलं. नळ्यांचे पैसे टीमच्या वर्गणीतून दिले. मग काकांनी ओढ्यालगतचा पडीक तुकडा दाखवला.

त्यांच्या अटी अशा : सोयाबीन निघाल्यावरच यायचं. पाऊस पडला की पुढचे चार दिवस यायचं नाही. संध्याकाळी सहानंतर इंजिन बंद, कारण गोठ्यात म्हैस व्यायला झाली आहे. फाटक उघडलं तसं लावायचं. आणि दर वेळी येण्याआधी फोन करायचा, मेसेज नाही, कारण काका मेसेज बघत नाहीत.

टेस्टिंग दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होईल. हॉस्टेलमधून ज्यांना बघायला यायचंय त्यांनी फाटकातून या, बांधावरून शॉर्टकट मारू नका. बांधावर तूर आहे.